माशांआधीचं पाणी

चिपळूणच्या माणसाने खारं पाणी विकत घेतलं असं कळलं तर गुहागरवाले हसतील. आमच्याकडे खाडी आहे, भरती गोवळकोटच्या धक्क्याला येते, पण त्या पाण्याचा भरवसा नाही. दाभोळच्या मुखाशी तो समुद्रच असतो. इथवर येईतो त्याचं काय होईल ते तिथीवर, पावसावर आणि पोफळीच्या वीजघरावर ठरतं. कोयनेचं जे पाणी एरवी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते साठच्या दशकापासून सह्याद्रीच्या पोटातून इकडे उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत येऊन मिळतं. म्हणून भर मे महिन्यातही नदीला गोडं पाणी असतं. शहराला, बागायतीला हे वरदानच. पण प्रवाळावरचे मासे घरात पाळायची हौस असणाऱ्याने खाडीत बादली बुडवू नये. शिवाय लोट्याच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणीही याच खाडीला मिळतं.

तेव्हा समुद्र पाकिटातून आणायचा. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. मिठागरात पाणी आटत जातं तसं कॅल्शियम जिप्सम होऊन आधी बसतं, मग मिठाचा खडा धरतो, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम वगैरे उरतं ते खालच्या कडू पाण्यात. ते पाणी काढून टाकतात. म्हणजे आपण खातो तो समुद्रातून निवडून काढलेला एकच क्षार; माशाला सगळा समुद्र लागतो. पाकिटातल्या मिश्रणात हे राहिलेलं पुन्हा मापाने घातलेलं असतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम विरघळवायचं, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आलं का पाहायचं, पंप आणि फिल्टर चालू करायचे. दोन दिवसांत पाणी असं निवळतं की काच आहे की नाही कळू नये.

आणि इथून पुढे आठवडेच्या आठवडे काहीही करायचं नसतं. निदान बघणाऱ्याला तसं वाटतं.

आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी रोज डोकावते. "काका, निमो कधी येणार?" "येईल गं, त्याचं घर अजून तयार नाही." "तयार तर आहे की! लाइट पण लागलाय." तिचं म्हणणं डोळ्यांच्या पुराव्याने बरोबरच आहे. टँकमध्ये वाळू आहे, दगड रचलेले आहेत, प्रवाह आहे, पाणी नितळ आहे. मोठी माणसंही हेच म्हणतात, फक्त जरा हळू आवाजात. नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी हे आपण विहिरीच्या काठावर शिकलेलो असतो. टँकच्या बाबतीत मात्र पहिल्या आठवड्यातलं नितळ पाणी सगळ्यांत धोक्याचं.

मासा खातो आणि अमोनिया टाकतो. त्यातला बराचसा थेट कल्ल्यांतून. समुद्रात तो विरून जातो, शंभर लिटरच्या काचेत जाणार कुठे? गोड्या पाण्याच्या टँकला यात थोडी सवलत असते. पीएच सातच्या आसपास असला तर अमोनियाचा बहुतेक भाग निरुपद्रवी आयनाच्या रूपात असतो, विषारी मुक्त रूपात जेमतेम अर्धा टक्का. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या जवळ. तिथे आपल्याकडच्या तापमानाला हाच वाटा सहा-सात टक्क्यांवर जातो. तेवढीच घाण, पण विष दहापटीहून जास्त. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. दिसतं ते परीक्षेच्या छोट्या नळीत. पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, थांबायचं, आणि मग नळी पांढऱ्या कागदापुढे धरून रंग पाहायचा. पिवळा राहिला तर अमोनिया नाही, हिरव्याकडे झुकला तर आहे. दुसऱ्या नळीत अमोनियाचंच पुढचं रूप, नायट्राइट: आकाशी म्हणजे शून्य, जांभळा म्हणजे भरपूर. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि पोपटी यांत फरक करणं हे काम बस्त्याला साड्यांच्या दुकानात बसलेल्या बायकाच बिनचूक करू शकतील. पुरुषांनी खिडकीशी, दिवसा करावं.

आधी अमोनिया चढतो. मग कधीतरी तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. मग तेही उतरतं, नायट्रेट उरतं. या सगळ्याला हौशी लोक सायकलिंग म्हणतात. चार ते सहा आठवडे, कधी जास्त. हा उशीर कशाचा?

या प्रश्नाचं पहिलं चोख उत्तर १८७७ साली फ्रान्समध्ये मिळालं, आणि तेही माशांच्या नव्हे, गटाराच्या निमित्ताने. सांडपाणी जमिनीतून झिरपलं की त्यातला अमोनिया जाऊन नायट्रेट कसं येतं, हे थेओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युन्त्झ यांना पाहायचं होतं. जमिनीत हवा खेळते, अमोनियाला ऑक्सिजन मिळतो, रसायन आपोआप घडतं अशी समजूत होती. त्यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी सावकाश सोडलं. वीस दिवस वरून अमोनिया आत जाई आणि खालून जसाच्या तसा बाहेर येई. मग नायट्रेट दिसू लागलं, आणि वाढत गेलं. ही नुसती रसायनक्रिया असती तर वीस दिवस ती कुणाची वाट पाहत होती? वाळू तीच, हवा तीच, पाणी तेच. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम थांबलं. क्लोरोफॉर्म काढून घेतला तरी ते सुरू झालं नाही. मग थोड्या मातीचं धुवण ओतलं, आणि काही दिवसांनी नायट्रेट परत आलं. नळीत कुणीतरी राहायला आलं होतं.

मला या प्रयोगातले ते वीस दिवस फार मोलाचे वाटतात. क्लोरोफॉर्मचा पुरावा नंतरचा. पहिला पुरावा उशीर हाच होता. निर्जीव वस्तूला वेळ लागत नाही, तिला फक्त परिस्थिती लागते. चुनकळीवर पाणी पडलं की ती फसफसते, विचार करत नाही. जिथे सगळं जुळून आलेलं असूनही काही घडत नाही आणि मग घडायला लागतं, तिथे मधल्या काळात कुणीतरी वाढत असतं. माझ्या रिकाम्या टँकपुढे उभं राहून "अजून काहीच नाही?" असं विचारणाऱ्याला खरं उत्तर हे आहे. काही नाही म्हणूनच समजायचं, की जे होणार आहे ते जिवंत आहे.

ते जीव पकडायला पुढे तेरा वर्षं गेली. लंडनचे एक रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास काचपात्रात सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगाय एकत्र ठेवून घरगुती मत्स्यालयाचा समतोल दाखवून दिला होता. त्यांचा त्याच नावाचा मुलगा रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात याच नायट्रेटच्या मागे लागला. हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जीवांकडून होतं इथवर तो पोचला. पण ते वेगळे काढणं त्याला जमेना. बापाने काचपात्रातली जी कोंडी पानांच्या आणि गोगलगायीच्या भरवशावर सोडवली होती, तिचा न दिसणारा अर्धा भाग मुलाच्या वाट्याला यावा, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर आपण नाक मुरडलं असतं. अखेर १८९० मध्ये झुरिचला सर्गेई विनोग्राडस्कीने ते वेगळे केले. इतरांचं चुकत होतं कुठे, तर ते या जीवांना नेहमीच्या पौष्टिक जिलेटिनवर वाढवू पाहत होते. तिथे दुसरेच जिवाणू माजत. विनोग्राडस्कीने सेंद्रिय अन्न काढूनच टाकलं. हे जीव अमोनिया जाळून ऊर्जा मिळवतात आणि पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून अंग बांधतात. अशी कमाई तुटपुंजी असते. अनुकूल स्थितीत आपल्या आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना बहुधा दिवसभर लागतो.

आपल्याला सगळं कळलं असं मात्र वाटून घेऊ नये. नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं पुस्तकांनी शंभर वर्षं सांगितलं. टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो. २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या उष्णकटिबंधीय समुद्री टँकच्या खडीतून एक जीव वेगळा केला गेला, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तो जिवाणूच नव्हता. आर्किया या निराळ्याच कुळातला निघाला. त्याचे भाऊबंद जगभरच्या समुद्रांत अफाट संख्येने आहेत हे पुढे स्पष्ट झालं. सात समुद्र धुंडाळून हाती न लागलेला जीव काचेच्या पेटीत सापडला, तोही मासे बघायला आलेल्या पोरांच्या नाकासमोर.

या पाहुण्यांना जेवण लागतं, आणि जेवण म्हणजे तेच विष. पूर्वी त्यासाठी डॅमसेलसारखा चिवट मासा आधी सोडत. तो कल्ले जळत कसाबसा जगे किंवा मरे. दोन्हींतून अमोनिया मिळे. ही रीत मला कधीच पटली नाही, आणि आता तिची गरजही नाही. जाळीच्या पिशवीत सोललेली कोळंबी बांधून कुजत ठेवली तरी भागतं, फक्त घरात वास सहन करणारं कुणी हवं. कोकणात ही अडचण कमी. सगळ्यांत नीटस उपाय अमोनियम क्लोराइडचा. आमच्या पिढीने हा पदार्थ पाहिलेला आहे: कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात चिमूटभर टाकायचा तो नवसागर. भस्सकन पांढरा धूर, नाकात झिणझिण्या, आणि कापसाचा बोळा फिरताच तांबं-पितळ रुपेरी. टँकला मात्र शुद्ध प्रतीचाच घ्यावा, मोजून घालावा. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही मागे राहिलं नाही, की वसाहत बसली.

ही वसाहत पाण्यात नसते, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. ती दगडांच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजवर चिकटून असते. म्हणून जुन्या टँकचं पाणी आणून फायदा नाही. जुन्या टँकची मूठभर वाळू आणली तर ती विरजणासारखी लागते. परदेशात समुद्रातून काढलेले जिवंत दगड वापरतात. आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणहून एखादा तुकडा खिशात घालून आणणं हा गुन्हा आहे, आणि तसंही ते करू नये. कोरडे दगड, सिरॅमिकचे तुकडे पुरतात. जिवाणूंच्या बाटल्या मिळतात. त्यांतल्या काही खरंच काम करतात. बऱ्याच दुकानाच्या फळीवर, उन्हाळ्याच्या गरमीत केव्हाच निवर्तलेल्या असतात.

समुद्राचे मासे पाहायचे तर रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आहेच; जिल्ह्यातल्या किती शाळांच्या सहली तिथे जाऊन आल्या असतील. तिथे आपण काचेपुढे उभे राहतो आणि मासे मोजतो. काचेमागच्या दगडावरची बुळबुळीत साय कुणी मोजत नाही. मासे आहेत ते तिच्या जिवावर.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नव्या टँकमध्ये सगळं तपकिरी होतं. वाळूवर, काचेवर पुसता येईल अशी धूळ चढते. हे डायटम, सिलिका खाणारे सूक्ष्म शैवल. बघणारा म्हणतो, बिघडलं तुमचं पाणी. खरं तर आत्ता कुठे ते पाणी माशाच्या उपयोगाचं व्हायला लागलेलं असतं. त्यानंतर गोगलगायी, मग एखादी जोडी क्लाउनफिशची, म्हणजे त्या मुलीच्या निमोची, तीही पैदास केंद्रात वाढलेली. समुद्रातून धरलेली नको. सगळे मासे एकदम सोडायचे नाहीत, कारण वसाहत तेवढीच असते जेवढं तिला जेवण मिळत आलेलं असतं. नायट्रेट साचत राहतं. त्यासाठी अधूनमधून पाणी बदलणं काही चुकत नाही.

आणि स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. पूर ओसरल्यावर विहीर उपसून त्यात ब्लीचिंग पावडर टाकायची असते, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण क्लोरीन नळाच्या पाण्यातही असतो, आणि त्याला विहिरीतला वाईट जिवाणू आणि फिल्टरमधला चांगला यांतला फरक कळत नाही. वीज गेली तरी तसंच. पंप थांबला की पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो, आणि काही तासांत आधी मासे, मग वसाहत धोक्यात येते. कोकणातल्या पावसाळ्यात लाइट किती वेळ जाईल ते महावितरणही सांगू शकत नाही. तेव्हा चिपळुणात माशांच्या आधी इन्व्हर्टर घ्यावा, आणि ज्यांनी २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलाय ते सांगतील, तो तळमजल्यावर ठेवू नये.