डास सोडण्याआधी कुणाकुणाला विचारायचं?

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात लोकांनी डासांच्या अंड्यांच्या छोट्या बादल्या आपल्या अंगणात ठेवून घेतल्या होत्या. साधारण दर दोन आठवड्यांनी त्यातली अंडी आणि पाणी बदललं जायचं. त्यातून बाहेर पडणारे डास एडिस इजिप्तीच होते, म्हणजे डेंगी पसरवणारे. फरक इतकाच, की त्यांच्या पेशींमध्ये वोल्बाकिया नावाचा जिवाणू होता.

हा जिवाणू कीटकांच्या जवळपास निम्म्या जातींत सापडतो, एडिस इजिप्तीत मात्र सहसा नसतो. फळमाशीतून काढून तो या डासात रुजवला, की डेंगीच्या विषाणूला डासाच्या शरीरात नीट वाढता येत नाही. तो आईकडून अंड्यांत उतरतो. शिवाय वोल्बाकिया असलेल्या नराचं नसलेल्या मादीशी मीलन झालं, तर तिची अंडी उबत नाहीत. त्यामुळे काही पिढ्यांत असे डासच बहुसंख्य होतात. योग्यकर्त्यात २४ भाग पाडून, चिठ्ठी टाकावी तसे त्यातले १२ निवडून तिथेच हे डास सोडले. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाले: त्या भागांत डेंगीचं प्रमाण ७७ टक्क्यांनी आणि त्यापायी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी.

आकडे वाचून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. मग प्रश्न पडला, की संमतीचं काय? तिथे वस्त्यांच्या प्रतिनिधींना विचारलं होतं, ज्यांच्या अंगणात बादली ठेवायची त्यांनाही विचारलं होतं. पण शेजारी कुणी मनातून ‘नको’ म्हणत असेल, तर त्यालाही ते डास चावणारच. सोडलेल्यांत माद्याही असतात.

माझ्या धंद्यात आम्ही नवं फीचर आधी पाच टक्के लोकांवर सोडतो. त्यांनी कधीतरी ‘मान्य आहे’वर बोट ठेवलेलं असतं, तेवढ्यावर आमचं भागतं. बिघडलं तर दहा मिनिटांत जुनी आवृत्ती परत. डासांच्या बाबतीत या दोन्ही सोयी नाहीत. वोल्बाकिया एकदा रुजला की राहतो. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ २०११ साली सोडलेल्या डासांच्या वंशात तो पुढची अनेक वर्षं टिकून होता. म्हणूनच तर ही पद्धत स्वस्त पडते. आणि म्हणूनच ती मागे घेणं अवघड.

वैद्यकातली संमतीची कल्पना एका शरीराभोवती उभी आहे: माझ्या दंडात सुई, माझी सही. डास कंपाउंडची भिंत मानत नाही. प्रत्येकाची सही हवी म्हटलं, तर एका माणसाचा नकार अख्ख्या शहराचा निर्णय ठरतो. बहुमत पुरे म्हटलं, तर उद्या कशालाही बहुमत दाखवता येईल.

एक मात्र विसरून चालणार नाही. काहीच न करणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे. वरच्या मजल्यावरच्या कुंडीखालच्या ताटलीत वाढलेला डास मला चावतो, त्यालाही मी संमती दिलेली नसते. धुराची गाडी गल्लीत शिरते तेव्हा खिडक्या लावायलाही वेळ मिळत नाही. माझ्या आईला डेंगी झाला, तेव्हा रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा येईपर्यंत आम्ही कुणी धड जेवत नव्हतो. त्या आठवड्यात कुणी कागद पुढे केला असता, तर न वाचता सही केली असती. अशा सहीला संमती म्हणू नये, असं मला वाटतं. विचारायचं ते साथ नसताना, नकार देण्याइतकी उसंत असताना.

आपल्याकडे हे एकदा फसलेलं आहे. सत्तरच्या दशकात दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र होतं. पैसा अमेरिकेचा होता. हरियाणातल्या सोनीपतमध्ये वंध्य एडिस डास सोडण्याची तयारी झाली होती. मलेरियाचा देश, मग पीतज्वराचा डास का निवडला, असं वृत्तपत्रांनी विचारलं. जैविक युद्धाचा संशय संसदेपर्यंत गेला आणि १९७५ साली काम गुंडाळलं गेलं. पुढे १९९६ साली त्याच एडिसमुळे दिल्लीत डेंगीची मोठी साथ आली, दहा हजारांवर रुग्ण नोंदले गेले. तो प्रयोग झाला असता तर ती टळली असती, असं म्हणायला आधार नाही. पण लोकांचा संशय हा अडाणीपणा होता, असंही मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या पैशाने आपल्या गावात काय सोडलं जातंय, हे विचारणं रास्तच होतं. उत्तर आधी द्यायला हवं होतं.

२०२२ साली पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने वोल्बाकिया असलेले एडिस तयार केल्याचं जाहीर केलं. म्हणजे प्रश्न आता आपल्या दारात आहे. माझं मत सोडावेत या बाजूला झुकतं, पण काही अटींवर. प्रयोग आणि त्याचे धोके मराठीत, तमिळमध्ये, जिथे सोडणार तिथल्या भाषेत आधी सांगितले जावेत. वस्तीला ‘नाही’ म्हणता यावं आणि ते ‘नाही’ पाळलं जावं. धोका ज्यांनी पत्करला, फायदा आधी त्यांनाच मिळावा. पाच-दहा वर्षांनीही मोजणी चालू असावी, आणि काही बिनसलं तर दार ठोठवायला एक ठरलेलं कार्यालय असावं. प्रत्येकाची सही मिळवता येणार नसेल, तर निदान प्रत्येकाला जाब विचारता आला पाहिजे.