सौभरीचा शाप आणि देवाची उडी



सप्ताहाचा शेवटचा दिवस असतो, काल्याचे कीर्तन उभे राहते, आणि कालियामर्दनाचे आख्यान निघाले की लहान पोरेसुद्धा पुढे सरकून बसतात. देव कदंबावर चढला, कंबर कसली, दंड थोपटले आणि डोहात उडी टाकली, असे म्हटले की मृदंगावर थाप पडते आणि सारा मंडप डोलतो. तो आनंद आहे, तो असावाच. परंतु या आख्यानाचा जो आरंभ आहे तो आम्ही कीर्तनकार बहुधा दोन वाक्यांत उरकतो, कारण त्यात नाच नाही. भागवताच्या दशम स्कंधात, सोळाव्या अध्यायात, तो डोह कसा होता हे आधी सांगितले आहे. पाणी विषाने कढत होते. वरून उडत जाणारी पाखरे त्यात गळून पडत होती. त्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याचे तुषार अंगावर आले की तीरावरचे जीव मरत होते. गाई आणि गोपाळ ते पाणी पिऊन त्याआधीच एकदा निष्प्राण झाले होते. देवाने उडी टाकली ती कोणाचे गेलेले राज्य परत मिळवून द्यायला नव्हे. पाणी नासले होते आणि मुके जीव मरत होते, एवढेच कारण.

आता हे आख्यान सोडून जरा आपल्या समुद्राकडे या.

७ ऑगस्ट २०१० हा दिवस आषाढ वद्य द्वादशीचा. आदल्या दिवशी एकादशी झालेली, घरोघर बारस सोडण्याची गडबड. त्याच सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा हे मालाचे मोठमोठे डबे वाहणारे जहाज, न्हावा-शेव्याहून बाहेर निघालेले. दुसरे आत येत होते. चित्रा एका कुशीवर कलंडले. शेकडो डबे समुद्रात गेले, त्यांतल्या काहींत कीटकनाशके होती. आणि जहाजाच्या पोटातले तेल बाहेर पडू लागले. लक्षात घ्या, हे तेल वाहणारे जहाज नव्हते. ते तेल म्हणजे त्याचे स्वतःचे जळण; तेवढेच अडीच हजार टनांहून अधिक होते. त्यातले सुमारे ८०० टन समुद्रात सांडले असा अंदाज केला गेला. गळती थांबायला दोन दिवस लागले, आणि तोवर भरतीने ते काळे, दाट तेल घारापुरी, उरण, अलिबाग अशा बाजूंना किनाऱ्यांवर आणि खाड्यांतल्या तिवरांत नेऊन घातले.

देशावरच्या ज्या वारकऱ्यांनी तिवरांचे बन पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खाडीच्या चिखलात हवा नसते. म्हणून या झाडाची मुळे खाली जातात आणि त्यांना फुटवे वर येतात. चिखलातून हजारो बोटे उभी राहावीत तसे ते दिसते. त्या बोटांवर बारीक छिद्रे असतात, त्यांतून झाड श्वास घेते. तेल त्यांवर बसले की छिद्रे बुजतात. अशा झाडाला कुऱ्हाड लावावी लागत नाही, ते उभ्या उभ्या गुदमरते. त्याच्या पायथ्याशी निवटी असते, चिखलावर उड्या मारत चालणारा तो मासा. तिला ओल्या कातडीतून श्वास घ्यावा लागतो. तिच्या शेजारी खेकड्याचे बीळ. ओहोटीला पाणी गेले की तेल मागे राहते, बिळात उतरते, आणि खाली हवा नसल्यामुळे लवकर कुजत नाही, वर्षानुवर्षे तसेच राहते.

आणि पाखरू? पाणपक्ष्याची पिसे एकमेकांत अशी गुंतलेली असतात की पाणी आत शिरत नाही. आपण घोंगडे पांघरतो तसे ते त्याचे पांघरूण. तेलाने पिसे चिकटली की पांघरुणाला भोके पडली. थंड पाणी कातडीला लागते, अंगाची ऊब जाते, तरंगता येत नाही. मग ते बिचारे काय करते? चोचीने पिसे साफ करते. दुसरे काही त्याला ठाऊकच नाही. जितके साफ करील तितके तेल पोटात जाते. स्वच्छतेची सवय, जी त्याला उपजतच असते, तीच त्याला मारते. हे वाचून ज्याच्या डोळ्यांत पाणी येणार नाही त्याने माळ घातली काय आणि न घातली काय!

वेळही अशी होती की सांगता सोय नाही. पावसाळ्यात कोळी आपली होडी ओढून ठेवतो, जाळी विणत बसतो, कारण तो मासळीच्या विणीचा काळ. खाडीतली तिवरे त्या वेळी पाळण्यासारखी भरलेली असतात. त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. सतरा दिवस आधी पाळण्यात तेल ओतले गेले. लोकांना मासळी खाऊ नका असे सांगण्यात आले, आणि दोन महिने हात बांधून बसलेल्या कोळ्याची पहिलीच कमाई बुडाली.

यावर कोणी माळकरी म्हणेल, “बुवा, आपण मासळी सोडलेली माणसे. आपल्याला त्याचे काय?” अहो, सोडली ती कशासाठी? जिभेला शिक्षा म्हणून की त्या जीवाची दया आली म्हणून? दया आली असेल तर तो मासा कोळ्याच्या जाळ्यात तडफडला काय आणि तेलात तडफडला काय, तुमच्या पोटात कालवायलाच हवे. उलट कोळी जे धरतो ते त्याच्या मुलाबाळांच्या मुखी पडते. तेलाने मेले ते कोणाच्याच मुखी पडले नाही. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड वाळवंटात तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली, तेव्हा गाढव कोणाचे आणि ते आपल्या कोणत्या उपयोगाचे, हे विचारले नव्हते.

दुसरे एक वाक्य ऐकू येते, तेही मोठ्या माणसांच्या तोंडून: समुद्र मोठा आहे, तो सगळे पोटात घेतो. अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत समुद्र आहे, हे खरे. नद्या आल्या म्हणून तो फुगत नाही आणि आटल्या म्हणून सुकत नाही, हा गुण घ्यायला सांगितले आहे. गुरूच्या पोटात वाटेल ते ओता, असे त्यात कोठे आले?

कोळ्याचे नुकसान झाले तर तो निदान अर्ज करू शकतो. निवटीचा अर्ज कोण करणार? खेकड्याचा पंचनामा कोण करणार? अशा अपघातात मुक्या जीवांचा हिशेब कोठे नीट मांडला गेला असेल तर तो अमेरिकेतल्या अलास्का प्रांतात. २४ मार्च १९८९ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना, ‘एक्झॉन वाल्डीझ’ नावाचे तेलवाहू जहाज तिथे खडकावर चढले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल सांडले. दोन हजार किलोमीटरहून अधिक किनारा काळा झाला. तिथल्या जाणत्यांचा अंदाज असा, की सुमारे अडीच लाख समुद्रपक्षी मेले. हाती आलेली प्रेते पस्तीस हजारांच्या आसपास, बाकीची पाण्याने गिळली. समुद्री पाणमांजरे मेली ती सुमारे २,८००. या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो, दाट लव हीच त्याची ऊब. आणि आई आपले पिल्लू पोटावर घेऊन उताणी तरंगत असते. ओर्का जातीच्या मोठ्या जलचरांचे एक कुटुंब त्या भागात राहते. अपघातापूर्वी ती बावीस होती. नंतरच्या काळात नऊ नाहीशी झाली, पुढे आणखी घटली. त्या कुळात १९८४ नंतर एकही पिल्लू जन्मलेले नाही. तेल सांडण्याआधीही पाच वर्षे जन्म झाला नव्हता, म्हणून सगळा दोष तेलावर टाकता येणार नाही. पण ज्या घरात पाळणा हलत नाही त्या घरातली माणसे एका वर्षात उचलली गेली तर मागे काय राहते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

अशी हकिगत ऐकली की राग येतो. येऊ द्यावा का, हा प्रश्न आहे. उरणकडच्या एका गावी कीर्तन आटोपल्यावर पाया पडायला आलेल्या एका वृद्ध कोळीण माउलीने मला तोच विचारला होता. म्हणाली, “बुवा, काम-क्रोध टाका म्हणता. पन खाडी काळी झाली तेव्हा जो राग आला तो अजून जात नाय. तोपण टाकायचा का?”

या प्रश्नाला भागवतातच उत्तर आहे, आणि ते कालियाच्याच कथेत आहे. परीक्षितीने शुकांना विचारले की कालिया मुळात या डोहात आला का? तो समुद्रातल्या रमणक द्वीपाचा राहणारा. गरुडाच्या भयाने तो पळाला. पण गरुडाला कोणती जागा अवघड? तेव्हा शुकांनी मागची गोष्ट सांगितली. यमुनेच्या त्याच डोहाशी सौभरी ऋषी तप करीत होते. एकदा भुकेल्या गरुडाने, ऋषींनी मना केले असतानाही, तिथला माशांचा राजा उचलून खाल्ला. बाकीचे मासे दीन झाले, व्याकूळ झाले. सौभरींना त्यांची करुणा आली, आणि त्या करुणेतून क्रोध. त्यांनी शाप दिला की गरुड पुन्हा इथे येऊन मासा खाईल तर प्राणाला मुकेल. (सौभरींचे पुढे काय झाले ते नवव्या स्कंधात आहे, तो विषय आज नको.)

पाहा, माशांसाठी रागावलेला ऋषी आपल्या ग्रंथात आहे! त्याच्या रागाला शुकाचार्यांनी पाप म्हटले नाही, तो कृपेतून आला असे सांगितले. तेव्हा माउली, तुझा राग षड्रिपूंतला नव्हे. आपला मान गेला, आपला पैसा गेला म्हणून जो पेटतो तो रिपू. दुसऱ्याच्या, तेही तोंड नसलेल्याच्या, दुःखाने जो पेटतो तो दयेचाच मुलगा.

पण कथा तिथे थांबत नाही. शाप दिला, डोह गरुडाला बंद झाला, आणि ही गोष्ट एकट्या कालियाला ठाऊक होती. तो तिथेच येऊन राहिला. ज्या माशांसाठी शाप दिला त्यांचेच पाणी विषाचे झाले. ऋषींची दया खरी, क्रोधही खरा. शापवाणी सुटली आणि डोहाची राखण मात्र कोणी केली नाही.

आपलेही असेच होते. तेल सांडले की चार दिवस वर्तमानपत्रे भरतात, कप्तानाला शिव्या, सरकारला शिव्या, पाचव्या दिवशी दुसरा विषय. चित्रा कलंडले त्याला पुरते वर्षही झाले नव्हते, तोच ४ ऑगस्ट २०११ ला ‘रक’ नावाचे कोळशाचे जहाज मुंबईजवळ बुडाले आणि पुन्हा तेल आले. मात्र या वेळी कोणीतरी पाठपुरावा सोडला नाही. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जहाजवाल्यांनी पर्यावरणाच्या हानीपोटी १०० कोटी रुपये भरावेत असा आदेश दिला. तिकडे अलास्काच्या खटल्यात १९९४ साली ज्यूरीने ५ अब्ज डॉलरचा दंड ठरवला होता. तो कमी होत होत २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सुमारे ५० कोटी ७५ लाखांवर आला. धनवंताच्या दंडाला ओहोटी फार लवकर लागते, असे मला वाटते. तरी आदेश निघणे हे महत्त्वाचे. देवाने कालियाला मारले नाही, त्याच्या बायकांचे म्हणणे ऐकून घेतले, पण डोह सोडायला लावलाच. क्षमा केली म्हणून त्याला तिथे राहू दिले नाही.

आणि हे सगळे देवाने काठावर उभे राहून केले नाही. तो पाण्यात उतरला, विळखे स्वतःच्या अंगावर घेतले. याचे आजचे रूप पाहायचे असेल तर चेन्नईचे पाहा. २८ जानेवारी २०१७ रोजी तिथे एन्नोरच्या बंदराबाहेर दोन जहाजे आदळली, तेलाचा लगदा किनाऱ्याच्या खडकांत येऊन भरला. यंत्रे पुरी पडेनात. तेव्हा तटरक्षक दलाचे जवान, कोळी, विद्यार्थी, अशी माणसे रांगा करून उभी राहिली आणि बादल्या-बादल्यांनी तो लगदा उपसला. कित्येकांच्या हाताकोपरांपर्यंत काळे. त्यांतल्या किती जणांना कालियामर्दन पाठ होते कोण जाणे!

आपल्याकडे दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास, अपघात झालेला नसतानाही, कोकणाच्या आणि गोव्याच्या वाळूवर डांबराचे गोळे येतात. जहाजे भर समुद्रात टाक्या धुतात, गळते तेल सोडतात, ते घट्ट होऊन किनाऱ्याला लागते. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर भजनाला जाणाऱ्या मंडळ्या पुष्कळ आहेत. त्यांनी टाळ-मृदंगाबरोबर गोणपाट आणि फावडी न्यावीत. गोळे उघड्या हाताने उचलू नका, कातडीला अपाय होतो. हाताला पिशवी बांधा. गोळा केलेले वाळूत पुरू नका आणि जाळू तर मुळीच नका, पोत्यात भरून ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करा व त्याची पोच घ्या. पोच घेतली म्हणजे हिशेब राहतो.

आणि तेलाने माखलेले पाखरू आढळले तर साबणाने धुवायला जाऊ नका. ते जाणत्याचे काम आहे, घाईने धुतलेले पाखरू गारठून मरते. फडक्यात अलगद धरा, टोपलीत ठेवा, वरून सैल कापड टाका म्हणजे आत अंधार होईल, ऊब राहील आणि ते पिसे चोखणार नाही. वनखात्याला निरोप धाडा. माणूस येईपर्यंत एकाने जवळ बसावे. नाम घ्यावे, पण मनात. टाळ वाजवू नये, पाखरू भिते.