मीठ कोणाचे?

खाल्ल्या मिठाला जागावे, ही शिकवण आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणी घरातच मिळालेली असते. ज्याच्या घरचे अन्न खाल्ले त्याचे वाईट चिंतू नये, ज्याने अडचणीत हात दिला त्याला विसरू नये, हा तिचा सरळ अर्थ. तो अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु माणूस घराबाहेर पडून एखाद्या कचेरीत, संस्थेत वा रंगमंचावर काम करू लागला, की या साध्या शिकवणीत एक अवघड प्रश्न दडलेला आहे, हे त्याच्या ध्यानात येते. आपण जे मीठ खातो ते नेमके कोणाचे? तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याचे, की ज्यांच्या कष्टांतून ती तिजोरी भरली त्यांचे?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला आमच्याच उपनगरात वाढलेल्या एका माणसाची आठवण होते. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. त्यांचे बालपण जोगेश्वरीला आणि पुढे पार्ल्याला गेले; पार्ले टिळक विद्यालयात ते शिकले. महाराष्ट्र त्यांना मुख्यतः हसविणारे लेखक म्हणून ओळखतो. त्यांच्या आयुष्याची दुसरी एक बाजू मात्र मागे पडते. ते प्रसारमाध्यमातील अधिकारी होते आणि नाट्यनिर्मातेही होते. ही दोन्ही कामे अशी आहेत, की ती करणाऱ्याच्या हाती इतरांचा आवाज लोकांपर्यंत पोहोचविण्याची किंवा वाटेतच अडविण्याची सत्ता येते.

१९५५ साली पु. ल. आकाशवाणीच्या नोकरीत आले. पुढे ते बीबीसीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. त्या प्रवासाचे वर्णन 'अपूर्वाई' या पुस्तकात आले आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनचा आरंभ झाला, त्या सुरुवातीच्या काळात पंडित नेहरूंची मुलाखत घेण्याचे कामही त्यांच्याकडे आले. दोन देशांतील प्रसारणाची तऱ्हा त्यांना जवळून पाहावयास मिळाली होती. रेडिओ ऐकणाऱ्याने परवान्याचे शुल्क भरायचे, ही रीत दोन्हीकडे होती. आपल्याकडे हा परवाना पोस्टात मिळत असे आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती पद्धत चालू होती. फरक असा, की बीबीसीचा कारभार राजसनदेने सरकारी खात्याबाहेर ठेवला होता. आपली आकाशवाणी मात्र सरकारचेच एक खाते होती. १९९७ साली प्रसार भारती अस्तित्वात येईपर्यंत हीच स्थिती राहिली. पैसे श्रोत्याचे आणि हुकूम मंत्र्याचा! अशा ठिकाणी मिठाला जागायचे म्हणजे कोणाला जागायचे?

ती नोकरी सोडून पु. ल. रंगभूमीकडे वळले. 'वाऱ्यावरची वरात' आणि 'बटाट्याची चाळ' यांच्या तिकिटांसाठी रांगा लागत. व्यवहाराची बाजू सुनीताबाई काटेकोरपणे सांभाळीत. निर्मात्याच्या हिशेबाच्या वहीत प्रत्येक रुपया कोठून आला हे लिहिलेले असते, आणि बहुतेक रुपये खुर्चीत बसलेल्या सामान्य माणसाच्या खिशातून आलेले असतात. ही जाणीव या दांपत्याने शेवटपर्यंत ठेवली. रंगभूमीने आणि पुस्तकांनी दिलेल्या पैशांतून पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमार्फत अनेक संस्थांना त्यांनी मदत केली. व्यसनाच्या आहारी गेलेल्या तरुणांविषयी अनिल अवचट यांनी लिहिलेले लेख वाचून त्यांनी पुढे केलेल्या हातामुळे १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे केंद्र उभे राहू शकले. लोकांचे मीठ त्यांनी अशा रीतीने लोकांकडेच परत पाठविले.

पैसा परत करणे तुलनेने सोपे असते. त्याहून कठीण असते ते मानसन्मान देणाऱ्यासमोर खरे बोलणे. १९७४ साली इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पु. लं.नी भूषविले. दुसऱ्याच वर्षी कऱ्हाडला दुर्गाबाई भागवत अध्यक्ष झाल्या, तेव्हा देशावर आणीबाणी होती आणि दुर्गाबाईंनी भर संमेलनात तिचा निषेध केला. पुढे त्यांना तुरुंगवासही घडला. १९७७ ची निवडणूक आली तेव्हा पु. ल. स्वतः गावोगावच्या सभांतून लोकशाहीच्या बाजूने बोलले, आणि विजयानंतर सत्तेचे कोणतेही पद न घेता आपल्या लेखनाकडे परतले.

खरी कसोटी त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी लागली. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने 'महाराष्ट्र भूषण' हा नवा पुरस्कार पहिल्यांदा दिला तो पु. लं.ना. त्या वेळी राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. देहाने थकलेल्या पु. लं.नी पुरस्कार स्वीकारला. परंतु लोकशाहीने निवडून आलेल्यांच्या तोंडी ठोकशाहीची भाषा यावी, याचे दुःखही त्याच प्रसंगी व्यक्त केले. त्यावर शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीरपणे संताप प्रकट केला, आणि महाराष्ट्रात मोठा वाद माजला.

त्या वेळी काही सज्जन माणसांनाही पु. लं.चे वागणे रुचले नव्हते. यजमानाच्या घरी जाऊन त्याचेच दोष काढू नयेत, असे त्यांचे म्हणणे. या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. दुसऱ्या बाजूने कोणी असेही म्हणेल, की सरकार पसंत नव्हते तर पुरस्कारच नाकारावयाचा होता. घेऊनही बोलणे हे दोन्हीकडून मिळविणे झाले. आम्हांला मात्र वाटते, की या दोन्ही आक्षेपांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की पुरस्कार सरकारच्या घरचा होता. तो तसा नव्हता. तो महाराष्ट्राच्या नावाचा होता आणि त्याची रक्कम कर भरणाऱ्या जनतेची होती. मंत्री हे तेथे वाढपी होते, यजमान नव्हते. पंगतीत वाढप्याचे आभार मानावेत, त्याच्याशी नम्रतेने बोलावे, हे खरे. परंतु अन्न त्याचे आहे असे समजून त्याच्या चुकांवर पांघरूण घालणे म्हणजे खऱ्या यजमानाशीच बेइमानी करणे होय. पु. ल. मिठाला जागले, त्यांनी फक्त मीठ कोणाचे हे अचूक ओळखले होते.

हे लिहिणे आम्हांला सोपे गेले, कारण धाडस दुसऱ्याचे होते. आमची गोष्ट निराळी आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात सणानिमित्त नाटक बसविले होते आणि त्याची जबाबदारी आमच्याकडे होती. गावठाणातील एक म्हातारी आपल्या अंगणाचा सौदा करायला आलेल्या माणसाला चार खडे बोल सुनावते, असा त्यात प्रवेश होता. मंडप, दिवे आणि ध्वनिक्षेपक यांचा खर्च एका दात्याने उचलला होता. इमारती बांधणे हाच त्याचा व्यवसाय. आदल्या संध्याकाळी त्याच्याकडून निरोप आला, की तो प्रवेश थोडा सौम्य करावा. निरोप अत्यंत सभ्य शब्दांत होता. आम्ही ते खडे बोल गाळून टाकले. म्हातारीचे काम करणाऱ्या बाईंचे स्वतःचे अंगणही असेच गेले होते. प्रयोगात त्या वाक्याच्या जागी येताच त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. नाटक संपल्यावर दात्याचा सत्कार झाला, टाळ्या झाल्या. रंगभूषा पुसता पुसता बाई आम्हांला एवढेच म्हणाल्या, "बाबा, तिकिटांचे पैसे तर आपल्याच लोकांनी दिले होते ना?"

आम्ही उत्तर दिले नाही. वही काढून पाहिली असती तर तिकिटांची रक्कम देणगीहून मोठी निघाली असती. पण तिकिटे काढणारे पाचशे होते आणि देणगी देणारा एकच. एकाचा चेहरा डोळ्यांसमोर राहतो, पाचशेंचा राहत नाही. आम्ही दात्याच्या मिठाला जागलो आणि त्या पाचशेंच्या मिठाला विसरलो.

आपल्या प्रत्येकाच्या हाती कोठे ना कोठे असा एखादा लहानसा ध्वनिक्षेपक असतो. कोणी शाळेच्या कमिटीवर असतो, कोणी सोसायटीचा चिटणीस, कोणी कचेरीत सहीचा अधिकारी. आभार मानण्याची वेळ आली की ते मनापासून मानावेत. गप्प बसण्याची सूचना आली, की मात्र बाईंचा प्रश्न स्वतःला विचारावा. १२ जून २००० रोजी पु. ल. गेले. आज प्रभादेवीला राज्य शासनाच्या कला अकादमीला त्यांचेच नाव आहे. त्यांच्या बोलण्याचा ज्यांना राग आला ते सरकार केव्हाच बदलले. जनता तीच आहे आणि तिने त्यांना कृतघ्न म्हटलेले नाही. आम्ही गाळलेले ते वाक्य मात्र अजून कोणी बोललेले नाही. पुढच्या सणाला ते परत घालावे, असा आमचा विचार आहे.