पुण्य कुणाच्या पदरी, खेळणं कुणाच्या हाती

विशेष मुलांच्या शाळेत येऊन घरचा खास दिवस साजरा करणाऱ्या पाहुण्यांची महाराष्ट्रात वानवा नाही. नातवाचा पहिला वाढदिवस, आईचं वर्षश्राद्ध, साहेबांची एकसष्टी, निमित्त कोणतंही चालतं. गाडीच्या डिकीतून केकचा खोका उतरतो, बिस्किटांचे पुडे उतरतात, रंगपेट्या आणि फुगे उतरतात. मुलं रांगेत बसतात, फोटो निघतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी गाडी फाटकाबाहेर पडते. देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. तरीही त्या फुग्यांकडे पाहून शाळेतल्या जाणत्या बाईंच्या पोटात गोळा येतो.

स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा जन्मतःच नीट जुळून न आलेल्या मुलांवर लहानपणापासून शस्त्रक्रिया होत राहतात. रबरी हातमोजे आणि नळ्यांशी सतत संबंध आल्यामुळे त्यांच्यात लॅटेक्सच्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि फुगा असतो लॅटेक्सचाच. एखाद्या स्वमग्न मुलाला फुगा फुटल्याचा आवाज असा बसतो की उरलेला दिवस हातचा जातो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या मुलांना गिळायला त्रास होतो, त्यांच्या घशात बिस्किटाचा कोरडा तुकडा अडकू शकतो. प्रेडर-विली सिंड्रोममध्ये पोट भरल्याची जाणीवच होत नाही. असं मूल असलेल्या घरांत खाण्याच्या कपाटाला कुलूप लावावं लागतं. तिथे खाऊचा पुडा घेऊन जाणारा पाहुणा त्या घराची कित्येक महिन्यांची शिस्त पाच मिनिटांत मोडून येतो.

प्रश्न एवढाच असता, तर काय आणावं आणि काय आणू नये याची यादी फाटकावर लावून तो सुटला असता. खरी अडचण त्याआधी सुरू होते. ही वस्तू नक्की कोणासाठी घेतली?

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार झालेला नाही असं नाही. भगवद्गीतेचा सतरावा अध्याय दानाची सरसकट स्तुती करत नाही. तो दानाची प्रतवारी लावतो. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, जिवावर आल्यासारखं दिलेलं दान राजस. भलत्या जागी, भलत्या वेळी, घेणाऱ्याचा मान न राखता दिलेलं तामस. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, स्थळ, काळ आणि घेणारा पाहून, देणं हे आपलं कर्तव्यच आहे अशा बुद्धीने दिलेलं ते सात्त्विक. या मापाने पाहिलं तर फोटोसाठी वाटलेली रंगपेटी राजस ठरते, आणि पुण्य मिळावं म्हणून वाटलेलीसुद्धा राजसच. पुण्य हेही फळच की! हे दुसरं मान्य करणं आपल्याला बरंच जड जातं.

त्यात कर्माचा हिशेब मिसळला की गोष्ट आणखी कडू होते. ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल’ हे वाक्य विशेष मुलाच्या आईला दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, अगदी हळदीकुंकवालाही ऐकवलं जातं. मुलाचं अपंगत्व हे त्याचं पाप आणि त्याला दिलेली वस्तू हे आपलं पुण्य, असा हा व्यवहार आहे. यात मूल कुठेच नाही. तत्त्वज्ञ कांटने 1785 साली नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात सांगितलं, की कोणत्याही माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. पुण्य कमावण्यासाठी ज्याला खेळणं दिलं जातं ते मूल साधन नाही तर काय आहे?

महाभारत या बाबतीत लोकसमजुतीपेक्षा उदार आहे. वनपर्वातल्या अष्टावक्राचं शरीर आठ ठिकाणी वाकडं आहे, पण ते त्याच्या पूर्वजन्मीच्या पापामुळे नव्हे. गर्भात असताना त्याने बापाच्या वेदपठणातली चूक दाखवली, बाप संतापला आणि शाप देऊन बसला. दोष मोठ्या माणसाच्या रागाचा होता. हाच मुलगा पुढे जनकाच्या दारी जातो तेव्हा द्वारपाल त्याला अडवतो, तेही शरीरामुळे नाही, तर तो पोर आहे म्हणून. भिक्षा घेऊन वाटेला लागणं त्याला सोपं होतं. त्याला मात्र बंदी या पंडिताशी वाद घालायचा होता, आणि जनकाने त्याची परीक्षा घेऊन त्याला आत येऊ दिलं. अष्टावक्राला राजाकडून मिळालेली सर्वांत मोलाची भेट कोणती, असं विचारलं तर हा प्रवेशच म्हणावा लागेल.

भेटीच्याच आणखी एका गोष्टीसाठी आता थोडं अमेरिकेत. 3 मार्च 1887 रोजी अॅन सुलिव्हन ही तरुण शिक्षिका अलाबामातल्या टस्कंबिया गावी पोहोचली. तिच्या सामानात एक बाहुली होती. बोस्टनच्या पर्किन्स संस्थेतल्या अंध मुलींनी ती हेलन केलरसाठी पाठवली होती, आणि तिचे कपडे लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर बाईंनी शिवले होते. हेलनला अजून सातवं वर्षही पूर्ण व्हायचं होतं. तिला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. एवढी जिव्हाळ्याची भेट शोधून सापडणार नाही. ज्यांना अंधार ठाऊक होता त्यांनीच ती पाठवली होती. पण ती हातात पडली आणि लगेच धडा सुरू झाला. शिक्षिकेने मुलीच्या तळहातावर बोटांनी बाहुलीच्या नावाची अक्षरं काढली, पुन्हा काढली. पुढचे काही आठवडे हेच चाललं. एके दिवशी नवी बाहुली आणि जुनी चिंध्यांची बाहुली, दोघींना एकच नाव आहे हे समजावून सांगण्याचा आग्रह इतका वाढला की हेलनने नवी बाहुली उचलून जमिनीवर आपटली. तुकडे पायाला लागले तेव्हा आपल्याला आनंद झाला, दुःख अजिबात वाटलं नाही, असं तिने 1903 च्या आत्मचरित्रात स्वच्छ लिहून ठेवलं आहे.

सुलिव्हन रागावली नाही. तिने तुकडे चुलीच्या कडेला लोटले आणि हेलनची टोपी आणून दिली. टोपी म्हणजे बाहेर उन्हात जायचं, हे हेलनला कळलं आणि ती आनंदाने उड्या मारू लागली. त्यानंतरचा पाण्याच्या पंपाचा प्रसंग, जिथे तळहातावरची अक्षरं म्हणजे वस्तूचं नाव हे तिला उमगलं, जगभर माहीत आहे. घरी परतल्यावर हेलन चाचपडत चुलीपाशी गेली, तुकडे जोडायचा प्रयत्न केला, ते जुळेनात, आणि ती रडली. पंपाच्या गोष्टीत हा भाग बहुधा गळतो. ज्या बाहुलीवर तिला धडा गिरवावा लागत होता ती तिने फोडली. जी फुटली म्हणून रडू आलं, ती बाहुली तिची झालेली होती.

ही मोडण्याची मुभा आजच्या घरांत दुर्मीळ झाली आहे. विशेष मुलाला घरच्यांकडून मिळणाऱ्या भेटी पाहा: बोटांची पकड सुधारणारे मणी, तोल सांभाळायचा फळा, भावना ओळखायची चित्रं. सगळं उपयोगाचं, सगळं थेरपिस्टने सुचवलेलं. आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. उपचारांचा खर्च आणि उद्याची काळजी त्यांच्या मानगुटीवर बसलेली असते. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर रंगीत कागदात गुंडाळलेला तो काढाच असतो. खेळायचं ते कधी? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं एकतिसावं कलम खेळाला हक्क म्हणतं, आणि भारताने ती 1992 मध्ये मान्य केली. अपंग व्यक्तींच्या हक्कांची 2006 ची संहिता हाच हक्क अपंग मुलांच्या नावाने पुन्हा लिहून देते. दुसऱ्यांदा लिहावा लागला यातच सगळं आलं.

स्वीडनमध्ये 1963 साली अशा मुलांच्या पालकांनीच खेळण्यांची वाचनालयासारखी सोय उभी केली आणि तिला लेकोटेक नाव दिलं. खेळणं घरी न्यायचं, आवडलं नाही तर परत करायचं. नापसंतीला तिथे व्यवस्थेतच जागा होती. भेट म्हणून आलेली वस्तू मात्र नावडली तरी हसून घ्यावी लागते, आणि ज्याला बोलता येत नाही त्याची नापसंती ‘त्याला कळत नाही’ या सदरात जमा होते.

कंपन्याही शिकत-चुकत आल्या. 1997 मध्ये बार्बीची चाकाच्या खुर्चीतली मैत्रीण बेकी बाजारात आली. कौतुक भरपूर झालं, आणि मग मुलांच्या लक्षात आलं की तिची खुर्ची बार्बीच्या घराच्या दारातून आतच जात नाही! प्रतिनिधित्व मिळालं, घर मिळालं नाही. एकवीस वर्षांनी मायक्रोसॉफ्टने हातांच्या मर्यादित हालचाली असलेल्यांसाठी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर काढला, तेव्हा त्याच्या खोक्याचाही विचार केला. असे लोक खोकी नाइलाजाने दातांनी फोडतात हे कळल्यावर बोट किंवा मनगट अडकवून ओढता येतील असे फास खोक्याला लावले. भेट उघडण्याची मजाही भेटीतच मोजली गेली. याउलट काही स्वमग्न मुलांना आत काय आहे हे न कळणंच असह्य होतं. त्यांच्यासाठी कागद न लावता, आधी सांगून दिलेली वस्तू बरी. चौदा वर्षांच्या मुलाला खुळखुळा देणाऱ्याने तर निदान त्याच्या मिसरुडाकडे तरी पाहावं.

एक गाठ मात्र उरते. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने 1925 च्या निबंधात दाखवलं, की भेट घेणाऱ्यावर परतफेडीचं बंधन येतं आणि परत न करता येणारी भेट त्याला कमीपणा आणते. गीतेचं सात्त्विक दान तर परतफेडीची अपेक्षाच सोडायला सांगतं. दोन्ही खरं असू शकतं. देणाऱ्याने परतफेडीची आशा ठेवू नये, पण म्हणून घेणाऱ्याची परत देण्याची वाट अडवायचंही कारण नाही. विशेष मुलांच्या बाबतीत ही वाट आपण फार सहज अडवतो.

दिवाळीच्या तोंडावर अनेक विशेष शाळा आणि कार्यशाळा आपल्या मुलांनी रंगवलेल्या पणत्या, आकाशकंदील, उटण्याच्या पुड्या विकायला मांडतात. टेबलामागे उभ्या असलेल्या मुलाला किंमत सांगायची, नोट ओळखायची, सुट्टे मोजून परत द्यायचे हे खपून शिकवलेलं असतं. साठ रुपयांच्या पणत्या घेऊन गिऱ्हाईक शंभराची नोट काढतं आणि सढळपणे म्हणतं, ‘राहू दे रे बाळा, ठेव तुला.’ मुलगा चाळीस रुपये पुढे धरून उभाच राहतो. मागून बाई हळूच सांगतात, ‘साहेब, घ्या ना सुट्टे. मोजून बघा, बरोबर दिलेत का.’