वाया गेलेली पाच मिनिटं

आमच्या सरांच्या शोकसभेत एक वक्ते हळहळून म्हणाले, "सर प्रशासनात अडकले नसते, तर फार मोठे अभ्यासक झाले असते." सभागृहातल्या बऱ्याच माना हलल्या. माझीही हलली. घरी परतताना बसमध्ये मात्र ते वाक्य मला टोचायला लागलं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांची नोकरी गेली होती. फी भरायची मुदत उलटली आणि मी दाखला काढायला ऑफिसात गेले. सर तेव्हा प्राचार्य होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हप्त्याने भरशील का?" मग अर्धं पान खरडून ते अकाउंट सेक्शनला पाठवलं. पाच मिनिटांचं काम. सरांचा जो वेळ वाया गेला म्हणून आम्ही सगळे हळहळत होतो, त्यातली पाच मिनिटं माझ्या वाट्याला आली होती.

मग प्रश्न असा, की असामान्य बुद्धी असलेल्या माणसाने ती फायली आणि वेळापत्रकांवर खर्च केली, तर त्याचं आयुष्य वाया गेलं म्हणायचं का?

या प्रश्नाचं आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे रँग्लर परांजपे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, जन्म 1876, दापोलीजवळचं मुर्डी गाव. 1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. 'सीनियर रँग्लर' होणारे ते पहिले भारतीय. पुढचा रस्ता कोणालाही दिसत होता: संशोधन, नाहीतर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी. परांजपे पुण्याला परतले आणि 1902 मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. तिथल्या आजीव सदस्यांचा शिरस्ता ठरलेला होता: वीस वर्षं शिकवायचं, महिना पंचाहत्तर रुपयांच्या आसपास घ्यायचे. नंतरही ते मंत्री झाले, 1932 ते 38 लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर झाले आणि ऐंशीच्या घरात असताना, 1956 मध्ये, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1966 मध्ये ते गेले.

गंमत बघा. लोकांनी त्यांच्या नावामागे आयुष्यभर 'रँग्लर' लावलं. म्हणजे तेविसाव्या वर्षी दिलेल्या एका परीक्षेचा निकाल. नंतरची साठ-पासष्ट वर्षं त्यांनी ज्यात घातली, त्यासाठी आपल्याकडे बिरुदच नाही. वेळापत्रक नीट लावलं, नेमणूक वशिल्याशिवाय केली, वसतिगृहाचं भांडण मिटवलं, याला कुठली पदवी द्यायची?

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. परांजपे कट्टर बुद्धिवादी होते. देव, परलोक यांवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणजे 'या जन्मी कॉलेज, पुढच्या जन्मी गणित' अशी सोय त्यांच्यापुरती नव्हती. एकच आयुष्य आहे हे पक्कं माहीत असलेल्या माणसाने ते असं खर्च केलं. म्हणून त्यांची निवड मला जास्त गंभीरपणे घ्यावीशी वाटते.

यावर एक आक्षेप बिनतोड वाटतो. सही कोणीही करू शकतो. ते गणित मात्र त्यांनाच जमलं असतं. खुर्ची रिकामी राहत नाही, दुसरा कोणी येऊन बसतोच. हे खरं आहे. पण खुर्चीत कोणीही बसू शकतो म्हणजे कोणीही बसलं तरी सारखंच, असं होत नाही. मला दाखला देणंही नियमात बसत होतं आणि हप्ते देणंही. "हप्त्याने भरशील का?" हा प्रश्न मात्र नियमात कुठे लिहिलेला नव्हता. तो त्या माणसालाच सुचला.

तरी हिशोब इथे जुळला असं मी म्हणणार नाही. न लिहिलेल्या पुस्तकाची शोकसभा होत नाही, पण नुकसान झालेलं असतंच. सरांचं एक पुस्तक अर्धवट राहिलं. माझी फी भरली गेली म्हणून ते पूर्ण झालं असं होत नाही. आपल्याला वाटतं की निवड बरोबर असेल तर खंत नसावी, आणि खंत वाटत असेल तर निवड चुकली असावी. मला आता वाटतं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. काहीतरी मोलाचं गेलं, आणि तरी माणूस चुकला नाही.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. त्यागाची ही भाषा फार सोयीची असते. खुर्चीची हौस असलेला माणूसही 'संस्थेसाठी आयुष्य दिलं' म्हणतो. आणि आज तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण प्राध्यापकाला जुन्या पंचाहत्तर रुपयांची गोष्ट ऐकवणं तर सरळ अन्याय आहे. त्या आजीव सदस्यांचा पगार कमी होता, पण संस्था चालवत तेच होते. निर्णय त्यांचे होते, शब्द त्यांनी स्वतःहून दिला होता. ज्याला उद्याच्या तासाची खात्री नाही, त्याच्याकडून त्याग मागता येत नाही. त्याग द्यायचा असतो; वसूल केला की ती पिळवणूक होते.

म्हणून एखाद्याचं आयुष्य वाया गेलं का हे ठरवताना मी आता दोन गोष्टी विचारते. निवड त्याची स्वतःची होती का? आणि त्याच्या खुर्चीसमोर उभा राहिलेला माणूस परत जाताना थोडा मोकळा होऊन गेला का? सरांच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर मला माहीत आहे, कारण विद्यापीठात फक्त संशोधनाची जागा मिळत असताना ते कॉलेजात थांबले होते. दुसऱ्याचं उत्तर मी स्वतःच आहे.

त्या दिवशी सभागृहात उठून हे सांगायला हवं होतं. धीर झाला नाही, मान हलवून बसले. म्हणून इथे लिहिते आहे: सर, तुम्ही अडकला नव्हता. आम्ही अडकलो होतो. तुम्ही सोडवत होता.