एकोणसाठ की पन्नास नऊ?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि त्यात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं संख्यावाचन दिसलं. मग काय विचारता! विधानसभेत त्यावर विनोद झाले, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले आणि मराठीच्या नावाने गळे काढणारे निरोप आपल्या आखातातल्या फोनपर्यंतही पोहोचले. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं. जोडाक्षरांची ही नावं लहान मुलांना जड जातात, आणि जुनी पद्धत काही काढून टाकलेली नाही. २०२३ मध्ये मंगलाताई गेल्या. वाद त्याआधीच विरला होता, पण आमच्या घरात तो सध्या रोज संध्याकाळी रंगतो.

आमची धाकटी सात वर्षांची. दुबईतली इंग्रजी माध्यमाची शाळा. वाचते भराभरा, चित्रं सुरेख काढते, पण हातच्याची वजाबाकी आली की गप्प होते. शाळेच्या बाईंशी बोलून आम्ही ठरवलं की वर्षभर गणित घरी, अगदी पहिल्यापासून घ्यायचं. आता प्रश्न आला, कोणत्या पद्धतीने?

पद्धतींना तोटा नाही. १९५४ साली जपानमध्ये तोरू कुमोन नावाच्या गणिताच्या शिक्षकाने दुसरीतल्या आपल्या मुलासाठी सरावाचे कागद लिहायला घेतले. आज ते जगभर चालतात. (एका बापाने एका मुलाकडे बघून लिहिलेले कागद! मला त्यातला हाच भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो.) दुसरीकडे सिंगापूरची पद्धत. आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडा. आम्ही दुसरी घेतली, कारण मुलीचा वेग कमी नव्हता, तिला दशक म्हणजे काय हेच कळलेलं नव्हतं. दहा दिरहॅमच्या नोटा आणि एक दिरहॅमची नाणी घेऊन बसलो. पाच नोटा, नऊ नाणी. किती? ‘फिफ्टी नाईन’ लगेच आलं. मी म्हटलं, मराठीत? तर शांतता.

मग मी ‘एकोणसाठ’ हा शब्द तिच्या कानाने ऐकला. टेबलावर पाच नोटा दिसतात आणि शब्दात ऐकू येतो साठ! नऊ तर कुठेच नाही. एकोण म्हणजे एक उणा, म्हणजे जी वजाबाकी तिला येत नाही तीच नावात लपवलेली. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, ब्याण्णव यांत ‘दोन’ शोधून दाखवा. आमच्या शेजारच्या मल्याळी मुलीला मात्र घरच्या भाषेतही आधी वीस आणि मग एक असंच म्हणायचं असतं.

यावर एक मित्र म्हणाला, अरबीतही एकक आधीच येतो की. खरं आहे. वाहिद व इश्रीन, म्हणजे एक आणि वीस. जर्मन मुलंही तसंच म्हणतात, आणि ज्या अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून आम्हा संगणकवाल्यांचा ‘अल्गोरिदम’ आला, त्याचं काही अडलं नाही. पण अरबी शब्दात एक आणि वीस दोन्ही स्वच्छ ऐकू येतात, मध्ये ‘आणि’सुद्धा असतो. आणि ज्याला गणित जमतं त्याला कोणतंही नाव चालतं. प्रश्न ज्याला जमत नाही त्याचा आहे.

‘कष्टांशिवाय विद्या नाही’ हे आपल्या पिढीचं आवडतं वाक्य. मलाही ते मान्य आहे, पण कष्ट कशाचे? दहा एककांचा एक दशक होतो आणि गरज पडली की तो पुन्हा मोडावा लागतो, हा गणिताचा स्वतःचा कष्ट आहे. तो माफ केला तर मुलीची फसवणूक होईल. नावांचा कष्ट मात्र रूढीचा आहे. आपल्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ केली, कारण हिशोब आणे-पैचा होता. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि ते पाढे हळूहळू गेले. हळहळ वाटते, पण त्यामुळे पुढच्या पिढीचं गणित कच्चं राहिलं असं मला तरी दिसत नाही.

सात वर्षांचं मूल पद्धत निवडू शकत नाही, ते फक्त ती सोसतं. म्हणून हा प्रश्न मला शिक्षणशास्त्राइतकाच नीतीचा वाटतो. परदेशात राहून मराठी टिकवायची ही माझी हौस, माझी गरज. तिचा हप्ता मुलीच्या अशा खात्यातून का कापायचा, जिथे आधीच खडखडाट आहे?

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे, हे मी नाकारत नाही. अमेरिकेत मास्टर्स करताना आणि आज क्लायंटसमोर बसूनही मी मनातल्या मनात मराठीतच मोजतो. आयपी पत्तेसुद्धा! ते माझ्या मुलीला मिळणार नाही, याचं वाईट वाटतं. आई साताऱ्याहून फोनवर म्हणाली, “अरे, साठ तीन काय? मंडईत हसतील तिला. आणि मी फोन नंबर सांगितला तर तिला कळायला नको?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘सत्त्याण्णव’ ऐकून नात आईकडे बघते, तेव्हा आजीला काय वाटत असेल ते मला कळतं.

सध्या आमच्याकडे ‘पन्नास नऊ’ चालतं. मोडणं-जोडणं नोटा-नाण्यांवर, गणित इंग्रजीत. ‘एकोणसाठ’ गणिताच्या वेळेत नाही. तो गोष्टींच्या वेळेत, आजीकडून, आणि चुकला तर चुकला. गेल्या महिन्यात मुलीने पहिल्यांदा कुणी न सांगता दहाची नोट मोडून मागितली. गणपतीला साताऱ्याला जाऊ तेव्हा आजी तिला मंडईत पैसे मोजायला देणार आहे. कोणत्या भाषेत मोजायचे, यावर त्या दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.