परिग्रहाची मर्यादा आणि दुसरे घर

राहण्यासाठी घेतलेले घर ही गृहस्थाची गरज मानली जाते. परंतु जे घर केवळ भाव वाढेल या अपेक्षेने घेतले जाते, ते धर्मदृष्ट्या कोणत्या प्रकारचे धन ठरते, हा प्रश्न गुंतवणुकीच्या चर्चेत सहसा उपस्थित होत नाही. जैन श्रावकाचारात, म्हणजे संसारी जैनांसाठी सांगितलेल्या आचारशास्त्रात, मात्र घराच्या मालकीचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. आणि 2011 च्या जनगणनेनुसार देशातील सर्वाधिक, सुमारे 14 लाख जैन महाराष्ट्रात राहत असल्याने तो येथील घरबाजारालाही परका नाही.

साधूने सर्वस्वाचा त्याग करावा, असे जैन धर्म सांगतो. श्रावकाकडून, म्हणजे संसारी जैनाकडून, तो परिग्रहपरिमाण, म्हणजे आपल्या मालकीच्या वस्तूंना स्वतःहून घातलेली मर्यादा, एवढीच अपेक्षा करतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथात परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची आसक्ती, असे केले असून या व्रताच्या अतिचारांत, म्हणजे व्रताला लागणाऱ्या दोषांत, क्षेत्र आणि वास्तू, अर्थात जमीन आणि घर, यांची ठरलेली मर्यादा ओलांडणे प्रथम येते. श्रीमंती येथे निषिद्ध नाही. उपासकदशांग या जैन आगमग्रंथातील आनंद श्रावक कोट्यधीश होता. त्याचे सुवर्णधन ठेव, व्याजव्यवहार आणि घरसंसार अशा तीन समान भागांत विभागलेले होते, आणि आहे त्यापेक्षा अधिक न मिळवण्याचे व्रत त्याने महावीरांसमोर घेतले. सर्व धन एकाच वास्तूत अडकवू नये, हा आजचा व्यावहारिक सल्ला या वाटणीतही दिसतो. व्रताने त्यात भर घातली ती मर्यादेची.

मर्यादा आली की पळवाटही येते, हे शास्त्रकारांनी ओळखले होते. बाराव्या शतकातील हेमचंद्रांच्या योगशास्त्रात, शेजारचे घर घेऊन मधली भिंत पाडणे आणि घरांची संख्या वाढलीच नाही असे मानणे, किंवा मर्यादेबाहेरचे सोने दुसऱ्याच्या हवाली करून मोजणीतून वगळणे, हे दोष म्हणून सांगितले आहेत. मुंबईतील जोडी फ्लॅट किंवा मुलाच्या नावावर घेतलेले तिसरे घर यांना हा निकष तंतोतंत लागू पडतो. ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या वा अपत्याच्या नावे घेतलेल्या घराला बेनामी व्यवहारांचा कायदा सूट देतो. व्रत ती देत नाही, कारण कायदा पैशाचा उगम पाहतो, तर व्रत घेणाऱ्याचा हेतू पाहते.

हा हेतू हिशेबातून स्पष्ट होतो. मुंबईत 1 कोटी रुपयांच्या सदनिकेवर 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार रुपये नोंदणी फी भरावी लागते. तिचे भाडे महिना 25 हजार धरले, तर वर्षाला 3 लाख येतात. सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर, दुरुस्ती आणि भाडेकरूविना जाणारा एखादा महिना वजा जाता हाती सुमारे सव्वादोन लाख उरतात. याउलट 75 लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच सव्वासहा लाखांच्या घरात जाते. ही सुमारे चार लाखांची तूट सुरुवातीच्या वर्षांत पगारातून सोसायची ती पुढे भाव वाढेल या आशेवर. म्हणजे अशा खरेदीत घरापेक्षा आशाच अधिक विकत घेतलेली असते. घर कुलूपबंद ठेवल्यास भाड्याचा आधारही जातो. 2011 च्या जनगणनेत शहरी भारतातील सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. ती सारी गुंतवणुकीची नसली, तरी वापराविना राखलेली वास्तू हे मूर्च्छेचे स्पष्ट उदाहरण होय. म्हणून घर घेण्यापूर्वी ते कोणाला आणि किती भाड्याने देता येईल हे पाहणे, भाडेकरार लेखी व नोंदणीकृत करणे, आणि भाव दहा वर्षे स्थिर राहिला तरी हप्ते झेपतील का हे तपासणे, ही केवळ सावधगिरी राहत नाही, तर आशेला घातलेला लगामही ठरते.

किती घ्यावे याइतकेच कसे घ्यावे हेही महत्त्वाचे असून त्याचा विचार अचौर्य, म्हणजे चोरी न करणे, या श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रतात येतो. खोटी मापे वापरणे आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे हे या व्रताचे अतिचार आहेत. आजच्या घरबाजारात 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली, नोंदणीकृत कराराशिवाय 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई केली आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. मापातील खोटेपणाला आळा घालण्याचा हेतू येथे व्रत आणि कायदा या दोन्हींकडे समान आहे. तथापि खरेदीदारावरही जबाबदारी उरते: प्रकल्पाची महारेरा नोंदणी, मिळकत पत्रिका, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचा मालकीहक्क वकिलाकडून तपासून घेणे, तसेच किमतीचा काही भाग रोखीने देऊन करारात कमी आकडा न दाखवणे. रोखीचा असा व्यवहार मुद्रांक शुल्क चुकवतो आणि पुढील विक्रीत खरेदीदाराचाच करपात्र नफा फुगवतो.

या विचारावर एक आक्षेप संभवतो: मर्यादा जर ज्याची त्याने ठरवायची, तर वीस घरांची मर्यादा घालणाराही व्रतस्थ ठरेल, आणि बेघराला त्याचा काहीच उपयोग नाही. आक्षेप रास्त आहे; श्रावकाचार गृहनिर्माणाचे धोरण सांगत नाही, ते शासनाचे काम आहे. परंतु व्रताचे मोल मर्यादेच्या आकड्यापेक्षा ती ठरवण्याच्या वेळेत आहे. बाजार तेजीत असताना, विकासकाच्या कार्यालयात बसून घातलेली मर्यादा ही मर्यादा नसते. ती खरेदीपूर्वी, आपले उत्पन्न आणि गरज पाहून घालायची असते. दुसरे घर घेणे त्यामुळे अधर्म ठरत नाही. मात्र तिसरे का घ्यायचे नाही, याचे उत्तर ज्याने आधीच ठरवलेले नाही, त्याने दुसरेही घेण्याची घाई करू नये.